लॅपटॉप सुरू होण्याआधीचं कुलूप : स्टार्टअप पासवर्ड कसा लावायचा आणि कसा सांभाळायचा



आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. मी काही कॉम्प्युटर इंजिनिअर नाही, तुमच्यासारखीच डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. जे शिकले ते अडचणीत सापडून शिकले, आणि तेच तुम्हाला सांगणार आहे.

बदली होऊन मी सध्याच्या शाळेत रुजू झाले तेव्हा चार्ज यादीत एक ओळ होती : लॅपटॉप, नग १, चालू स्थितीत. लॅपटॉप खरोखरच चालू स्थितीत होता. बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा आणि काळ्या पडद्यावर मधोमध एक छोटी चौकट यायची. त्यात पासवर्ड विचारलेला. विंडोजचं चित्र नाही, कोणाचं नाव नाही, ‘पासवर्ड विसरलात का?’ असंही काही नाही. नुसती चौकट.

आधीच्या सरांना फोन केला. ते ऑनलाइन बदलीत दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले. म्हणाले, “अहो मॅडम, दोन वर्षांपूर्वी लावला होता तो. गावाचं नाव आणि पुढे काहीतरी आकडा होता. मी रोज सवयीनेच टाकायचो, आता माझ्या बोटांना आठवत असेल तर असेल!” आम्ही गावाचं नाव चार प्रकारे लिहून पाहिलं. तीन वेळा चुकलं की पडद्यावर ‘सिस्टीम डिसेबल्ड’ असा संदेश आणि खाली एक लांबलचक आकडा यायचा. मग बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, पुन्हा तीन संधी.

तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानातला मुलगा हसला आणि म्हणाला, “मॅडम, विंडोजचा पासवर्ड असता तर अर्ध्या तासात काढून दिला असता. हा बायोसचा आहे. फॉरमॅट मारलं तरी जाणार नाही.” कंपनीच्या सेवा केंद्राने सांगितलं, खरेदीचं बिल आणा. आणि इथेच खरी गंमत! लॅपटॉप लोकसहभागातून मिळालेला, बिल देणगीदाराच्या नावावर, आणि देणगीदार पुण्यात नोकरीला. त्यांचा नंबर शोधला, त्यांनी जुन्या ईमेलमधून बिल शोधून पाठवलं, शाळेच्या लेटरहेडवर अर्ज दिला, तेव्हा कुठे ऑगस्टच्या मध्यात ते कुलूप निघालं. तोपर्यंत पहिली-दुसरीच्या चौदा मुलांनी अक्षरओळखीचे व्हिडिओ माझ्या मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर डोकी एकमेकांवर आदळत पाहिले.

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, मग कशाला लावायचा असला पासवर्ड? तर दुसरी बाजूही ऐका. आमच्याच केंद्रातल्या एका शाळेचं कुलूप दिवाळीच्या सुट्टीत तोडलं गेलं. टीव्ही गेला, लॅपटॉप गेला. त्या लॅपटॉपला कसलाच पासवर्ड नव्हता. तिथल्या मॅडम मला म्हणाल्या, “लॅपटॉपचं दुःख नाही गं, आत काय काय होतं ते आठवून झोप लागत नाही.” आत काय होतं? प्रत्येक मुलाचं आधार कार्ड स्कॅन केलेलं. पालकांचे मोबाइल नंबर. शिष्यवृत्तीसाठी घेतलेली बँक पासबुकची पहिली पानं, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले. मुलामुलींचे फोटो. आणि डेस्कटॉपवर ‘पासवर्ड’ याच नावाची एक फाइल, ज्यात सरल, यू-डायस आणि शालार्थचे लॉगिन एका खाली एक लिहिलेले!

तुमच्या शाळेचा लॅपटॉप डोळ्यांसमोर आणा. यातलं किती तुमच्याकडेही आहे? माझ्याकडे ती फाइल सोडून बाकी सगळं होतं. (खरं सांगायचं तर ती फाइलही होती, फक्त नाव वेगळं होतं.) ही माहिती आपली नाही. ती पालकांनी विश्वासाने आपल्या हातात दिलेली आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी वेगळी काळजी सांगितली आहे.

बटण दाबल्यावर आधी काय होतं?

आपण बटण दाबतो आणि थोड्या वेळाने विंडोज दिसतं. मधल्या त्या काही सेकंदांत बरंच घडत असतं. लॅपटॉपच्या मुख्य सर्किटवर, म्हणजे मदरबोर्डवर, एक छोटी चिप असते. तिच्यात एक लहानसा प्रोग्रॅम कायमचा भरलेला असतो, त्याला बायोस म्हणतात. आयबीएमने १९८१ साली आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्येही बायोस होता. आजच्या लॅपटॉपमध्ये त्याच्या जागी यूईएफआय नावाची सुधारित पद्धत असते, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

हा बायोस आधी जागा होतो. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क आहे का हे तपासतो, आणि मग विंडोज कुठे आहे ते शोधून त्याच्या हातात कारभार देतो. परिपाठाआधी शिपाई येऊन गेट उघडतो, वर्ग उघडतो, घंटा तपासतो, तसंच. (आपल्या शाळांत शिपाई नसतो, हे काम आपणच करतो, ते सोडा.)

आता कुलुपं समजून घेऊ. विंडोजचा पासवर्ड म्हणजे वर्गखोलीचं कुलूप. गेटमधून आत आल्यावर ते लागतं. कोणी विंडोजच्या वाटेने न जाता पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टीम सुरू केली, तर खिडकीतून वर्गात शिरल्यासारखं होतं. विंडोजचा पासवर्ड कितीही अवघड असला तरी आतल्या फाइल्स दिसतात. दुकानातला मुलगा ‘अर्ध्या तासात’ म्हणाला तो याच भरवशावर.

स्टार्टअप पासवर्ड म्हणजे गेटचं कुलूप. बायोस तो आधी विचारतो आणि बरोबर उत्तर मिळेपर्यंत पुढे काही होऊच देत नाही. विंडोज नाही, पेनड्राइव्ह नाही, फॉरमॅट नाही. म्हणून तो मजबूत आहे, आणि म्हणूनच विसरला तर एवढा त्रास देतो. त्याचं सामर्थ्य आणि त्याचा धोका एकच आहे.

लावण्याआधी दोन कामं

पहिलं काम : चार्जर जोडून ठेवा. बॅटरी जुनी असेल आणि मध्येच लाइट गेली तर सेटिंग अर्धवट राहायला नको. आमच्याकडे दुपारी भारनियमन असतं, म्हणून मी हे काम सकाळी केलं.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. तुमचा लॅपटॉप नवा असेल, विंडोज ११ असेल आणि तुम्ही मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलं असेल, तर डिस्क एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असं दिसतं का ते पाहा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत याचंच मोठं भावंड बिटलॉकर या नावाने असतं. ते चालू असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे ४८ अंकी क्रमांक, आधी लिहून घ्या. घरगुती वापरात ती बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं त्या खात्यात जपलेली असते. हे आधी का? कारण बायोसमध्ये गेल्यावर चुकून एखादं भलतंच सेटिंग बदललं, तर विंडोजला संशय येतो आणि ते हा क्रमांक मागतं. तेव्हा शोधाशोध नको.

आता प्रत्यक्ष कृती

बायोसमध्ये शिरण्यासाठी लॅपटॉप सुरू होताना, कंपनीचं नाव दिसायच्या आत, ठरावीक की टकटक दाबत राहायची असते. डेल, एसर आणि असूस यांच्या लॅपटॉपमध्ये साधारणपणे एफ २. एचपीमध्ये आधी इस्केप आणि मग एफ १०. लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये एफ १, आयडियापॅडमध्ये एफ २. काही लॅपटॉपमध्ये एफ २ सोबत एफएन कीही दाबावी लागते.

ही वेळ साधणं मोठं कठीण. मी पहिल्यांदा सहा वेळा चुकले, आणि दर वेळी विंडोज हसत समोर उभं! म्हणून दुसरा, निवांत मार्ग सांगते. विंडोज चालू असताना स्टार्टमध्ये जाऊन शिफ्ट की दाबून धरा आणि ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा. निळा पडदा येईल. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’, आणि शेवटी ‘रीस्टार्ट’. लॅपटॉप आपोआप बायोसमध्येच उघडतो. फार जुन्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही, तिथे एफ २ ची टकटकच करावी लागेल.

बायोसचा पडदा पाहून दचकू नका. कधी निळा-करडा, कधी काळा, आणि पुष्कळदा माउसही चालत नाही. बाणांच्या की, एंटर आणि इस्केप एवढ्यावर भागतं. वरच्या ओळीतला ‘सिक्युरिटी’ हा भाग शोधा, बाकी कशालाही हात लावू नका. आत दोन-तीन प्रकारचे पासवर्ड दिसतील आणि माझ्या माहितीतले निम्मे लोक इथेच चुकतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

एक असतो सुपरवायझर किंवा अॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड. हा बायोसच्या सेटिंग्जचा राखणदार. नुसता हाच लावला तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये सुरू होताना काहीही विचारलं जात नाही. फक्त बायोसमध्ये शिरताना विचारतात. लोक हा लावतात, लॅपटॉप नेहमीसारखा सुरू होतो, आणि त्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं, गेट अजून उघडंच असतं.

दुसरा असतो यूजर, पॉवर-ऑन किंवा सिस्टीम पासवर्ड. कंपनीप्रमाणे नाव बदलतं. एचपीमध्ये ‘पॉवर-ऑन पासवर्ड’, डेलमध्ये ‘सिस्टीम पासवर्ड’. सुरू होताना विचारला जातो तो हा. एसरमध्ये आधी सुपरवायझर पासवर्ड लावावा लागतो आणि मग ‘पासवर्ड ऑन बूट’ या ओळीवर ‘एनेबल्ड’ करावं लागतं. तोवर ती ओळ फिकट दिसते आणि हलत नाही. तुमच्याकडे अशी ओळ फिकट दिसत असेल, तर कारण बहुधा हेच.

तिसरा असतो हार्डडिस्क पासवर्ड. कृपया याच्या वाटेला जाऊ नका. तो डिस्कमध्येच बसतो. विसरला तर मदरबोर्ड बदलूनही डिस्क उघडत नाही, आणि आतलं सगळं गेल्यात जमा. शाळेसारख्या ठिकाणी, जिथे माणसं बदलतात, तिथे हा धोका पत्करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तर आपण पहिले दोन लावायचे. ओळीवर जाऊन एंटर, पासवर्ड लिहा, पुन्हा तोच लिहा, एंटर. मग एफ १० दाबा. जपून ठेवून बाहेर पडायचं का असं विचारेल, तिथे ‘येस’. लॅपटॉप पुन्हा सुरू होईल आणि ती छोटी चौकट समोर येईल. पहिल्यांदा दिसली की छातीत जरा धस्स होतं, निदान माझ्या तरी झालं.

पासवर्ड निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्या. बायोसला मराठी कळत नाही आणि त्याचा कीबोर्ड साधा इंग्रजी असतो. कॅप्स लॉक चालू आहे की बंद हे बऱ्याचदा दिसत नाही, आणि लिहिलेलं ठिपक्यांनी झाकलेलं असतं. म्हणून खास चिन्हं टाळा. लहान इंग्रजी अक्षरं आणि अंक पुरेत. अंक वरच्या ओळीतूनच टाका, उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवरून नको, कारण न्यूम लॉक बंद असला तर आकडा उमटतच नाही. गावाचं नाव, शाळेचा यू-डायस क्रमांक, स्वतःचा मोबाइल नंबर यातलं काही नको. यू-डायस क्रमांक तर शाळेच्या पाटीवरच रंगवलेला असतो! त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले दोन-तीन साधे मराठी शब्द इंग्रजी लिपीत जोडा, जसं भोपळा, घंटा, नांगर. हेच तीन मात्र वापरू नका, कारण आता ते सगळ्यांनी वाचले.

विसरला तर?

वर्गात मी हा विषय मुलांना सोप्या भाषेत सांगत होते तेव्हा चौथीतल्या एका मुलाने विचारलं, “मॅडम, आपण पासवर्ड विसरलो तर लॅपटॉपला तो आठवतो का?” मी त्याला म्हटलं, आठवतो, पण सांगत नाही. उत्तर विनोदात दिलं, पण ते खरंच आहे.

पूर्वी हा पासवर्ड अशा मेमरीत राहायचा जी एका नाण्याएवढ्या बॅटरीवर जिवंत असायची. सीआर २०३२ नावाची ती चपटी बॅटरी काही वेळ काढून ठेवली की पासवर्ड पुसला जायचा. जुन्या डेस्कटॉपला हे अजूनही चालतं. म्हणून कोणी ना कोणी तुम्हाला सांगेलच, “बॅटरी काढा, होऊन जाईल.” आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये होत नाही. पासवर्ड अशा चिपमध्ये असतो जिला जिवंत राहायला बॅटरी लागत नाही. काही कंपन्यांची सेवा केंद्रं मालकीचा पुरावा पाहून तो काढून देतात, आणि आम्ही तसेच सुटलो. पण थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड हरवला तर लेनोव्हो स्वतःच मदरबोर्ड बदलायला सांगते. जुन्या लॅपटॉपला तेवढा खर्च करण्यात काही अर्थ उरत नाही. इंटरनेटवर मास्टर पासवर्ड देणाऱ्या पुष्कळ जागा सापडतील. काही जुन्या मॉडेलना ते लागूही पडतात, पण पैसे मागणाऱ्यांपासून दूरच राहा.

म्हणून माझं म्हणणं असं की शाळेत स्टार्टअप पासवर्ड लावायचा असेल तर तो लावण्याच्या दिवशीच कागदावर गेला पाहिजे. ‘पासवर्ड कुठेही लिहू नका’ हा सल्ला आपण नेहमी ऐकतो आणि बँकेच्या पिनसाठी तो बरोबरही आहे. पण शाळेचा लॅपटॉप माझा नाही. मी आज आहे, उद्या बदलीने जाईन, परवा रजेवर असेन. जे माझं नाही त्याचं कुलूप फक्त माझ्या डोक्यात असणं हा हलगर्जीपणाच झाला. आधीच्या सरांना मी दोष देत नाही, त्यांनी मुलांच्या माहितीची काळजी म्हणूनच पासवर्ड लावला होता. चार्ज देताना चाव्यांचा जुडगा मोजून दिला, ही एक चावी तेवढी राहिली.

आता लॅपटॉपचं बिल (देणगीचं असेल तर देणगीदाराचं पत्रही) डेडस्टॉक रजिस्टरसोबत ठेवायचं हे मी स्वतःला लावून घेतलं आहे. तुमच्याकडे लोकसहभागातून काहीही वस्तू आली, तर त्याच दिवशी बिलाची एक प्रत मागून घ्या. नंतर मागताना फार संकोच होतो.

हे कुलूप कुठे अपुरं पडतं

झाकण मिटलं की लॅपटॉप बंद होत नाही, फक्त झोपतो. झाकण पुन्हा उघडलं की स्टार्टअप पासवर्ड विचारला जात नाही, कारण लॅपटॉप नव्याने सुरू झालेलाच नसतो. माझी कितीतरी वर्षांची सवय होती, शाळा सुटली की झाकण मिटायचं, कपाटात ठेवायचं. म्हणजे गेट रात्रभर सताड उघडं! आता ‘शट डाउन’ केल्याशिवाय कपाटात ठेवत नाही. आणि मधल्या सुट्टीत पाच मिनिटं बाहेर जाताना विंडोजची की आणि ‘एल’ एकदम दाबते, म्हणजे निदान वर्गखोलीचं कुलूप लागतं. त्यामुळे विंडोजचा पासवर्डही हवाच. एक लावला म्हणून दुसरा काढू नका.

दुसरी अपुरी बाजू जास्त गंभीर आहे. स्टार्टअप पासवर्ड लॅपटॉपला कुलूप लावतो, आतल्या माहितीला नाही. चोराने मागचे स्क्रू काढून डिस्क बाहेर काढली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तर गेटच्या कुलपाचा काय उपयोग? भिंतीवरून कपाटच उचलून नेल्यासारखं झालं. तेव्हा उपयोगी पडतं ते कपाटाचं स्वतःचं कुलूप, म्हणजे आधी सांगितलेलं एन्क्रिप्शन. त्यात डिस्कवरची अक्षरंच अशी बदललेली असतात की किल्ली नसेल तर वाचता येत नाहीत. तुमच्या लॅपटॉपमध्ये ही सोय असेल तर मी म्हणेन आधी ती चालू करा, ४८ अंक कागदावर उतरवा, आणि स्टार्टअप पासवर्ड त्यानंतर लावा. सोय नसेल, आमच्या जुन्या लॅपटॉपला नाही, तर स्टार्टअप पासवर्ड लावाच, पण आधार कार्डांची स्कॅन केलेली चित्रं काम झालं की पुसून टाका. रिसायकल बिनसुद्धा रिकामा करा. मी त्या दिवशी बसून तीन वर्षांपूर्वीच्या मुलांचे दाखले पुसले. ती मुलं आता हायस्कूलला आहेत, त्यांचे कागद माझ्याकडे कशाला?

पालकांसाठी थोडंसं

घरचा लॅपटॉप शाळेच्या लॅपटॉपसारखाच. त्यात घराचे कागद असतात, बँकेचं काम होतं, प्रवासात तो बसच्या रॅकवर राहतो. तिथेही हा पासवर्ड उपयोगी आहे. पण काही पालक मला विचारतात, “मॅडम, पोरगं गेम खेळतं, त्याला कळू नये असा पासवर्ड सांगा.” त्यासाठी हा मार्ग मला पटत नाही. मूल चुकीचे आकडे टाकत बसतं, लॅपटॉप ‘डिसेबल्ड’ म्हणतो, घरात गोंधळ होतो, आणि मूळ प्रश्न तिथेच राहतो. मुलासाठी विंडोजमध्ये वेगळं खातं करा आणि वेळेची मर्यादा घाला. स्टार्टअप पासवर्ड घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांना माहीत असू द्या. कोणी आजारी पडलं, परगावी गेलं, तर विम्याचा कागद त्या लॅपटॉपमध्ये अडकायला नको.

कधी पासवर्ड काढावासा वाटला, लॅपटॉप विकायचा किंवा दुरुस्तीला द्यायचा असेल, तर पुन्हा बायोसमध्ये त्याच ओळीवर जा. जुना पासवर्ड विचारेल तो टाका, नव्याच्या जागी काहीही न लिहिता दोनदा एंटर दाबा, एफ १०. झालं.

आमच्या शाळेत आता लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक बंद पाकीट आहे. आत एका कागदावर दोन्ही पासवर्ड, लावल्याची तारीख आणि लॅपटॉपचा अनुक्रमांक. पाकिटाच्या जोडावर माझी आणि सहकारी सरांची सही. चार्ज यादीत नवी ओळ : लॅपटॉप पासवर्डचं पाकीट, नग १.

पाकीट कपाटात ठेवण्याआधी सहकारी सर म्हणाले, “मॅडम, तुम्ही बाजूला व्हा, मी कागद बघून उघडून पाहतो.” त्यांनी टाकलं. चुकलं. पुन्हा टाकलं, पुन्हा चुकलं. मला घाम फुटला. मग कळलं की कागदावर मी लिहिलेला शून्य त्यांनी इंग्रजी ‘ओ’ वाचला होता. पासवर्ड बदलला, त्यातून शून्य आणि ‘ओ’ दोन्ही काढून टाकले, कागद नव्याने लिहिला. या वेळी सरांनी पहिल्याच फटक्यात उघडलं, तेव्हा पाकीट चिकटवलं.